राजगडावर जन्मलेला धाकटा

२४ फेब्रुवारी १६७० रोजी राजगडावर सोयराबाईंना मुलगा झाला. तो पालथा उपजला, म्हणून जमलेली मंडळी मनातून चरकली. शिवाजी महाराजांनी मात्र हा दिल्लीची पातशाही पालथी घालील, असे सांगून सगळ्यांना धीर दिला. ही हकीकत सभासद बखरीतली. कृष्णाजी अनंत सभासदाने ती बखर पुढे जिंजीत याच राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून लिहिली, तेव्हा तिच्यात कौतुकाचा भाग असणारच. तरी मला ती मोलाची वाटते, कारण कौतुकासाठी सांगितलेल्या गोष्टीतही लोकांची पहिली नापसंती लपवता आलेली नाही. धाकट्याविषयीची ही शंका त्याच्या जन्मापासून सुरू झाली आणि खरे तर आजही संपलेली नाही.

राजगडावर शनिवार-रविवारी माणसांची रीघ लागते. पाली दरवाज्याच्या वाटेने चढणारी मुले संजीवनी माचीची चिलखती तटबंदी बघतात, बालेकिल्ल्यावर फोटो काढतात, सईबाईंच्या समाधीपुढे हात जोडतात. समोरच्या तोरण्याची गोष्ट सर्वांना पाठ असते. पण याच गडावर स्वराज्याचा तिसरा छत्रपती जन्मला, हे किती जणांच्या ओठांवर येते? थोरले महाराज आणि संभाजी महाराज एका बाजूला, पत्नी ताराबाई दुसऱ्या बाजूला. एवढ्या मोठ्या माणसांच्या मध्ये राजाराम झाकले गेले.

त्यांचा जन्म झाला तेव्हा तानाजी मालुसऱ्यांनी सिंहगड घेतल्याला वीसच दिवस झाले होते. पुरंदरच्या तहात गेलेले किल्ले परत घेण्याची धामधूम चालू होती. दोनेक वर्षांत राजधानी रायगडावर हलली आणि मूलही तिकडे गेले. १५ मार्च १६८० ला प्रतापराव गुजरांच्या मुलीशी त्यांचे लग्न झाले, आणि ३ एप्रिलला वडील गेले. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी आईने आणि काही मंत्र्यांनी या दहा वर्षांच्या मुलाला मंचकावर बसवले. त्याला कोणी काही विचारले असेल, असे वाटत नाही. खुद्द मामा, सरसेनापती हंबीरराव मोहिते, संभाजीराजांच्या बाजूने उभे राहिले आणि तो डाव मोडला. पुढच्याच वर्षी आई गेली, कटातले मंत्री मारले गेले. रायगडावरची नंतरची आठ-नऊ वर्षे राजाराम नजरेखाली वाढले. संभाजीराजांनी धाकट्या भावाच्या जिवाला धक्का लावला नाही, हे इथे आवर्जून सांगायला हवे. दिल्लीच्या तख्तासाठी औरंगजेबाने आपल्या भावांचे काय केले, ते त्या काळात सर्वांना ठाऊक होते.

फेब्रुवारी १६८९ मध्ये संगमेश्वरी संभाजीराजे पकडले गेले. मोगलांच्या लेखी हे घराणे बंडखोरांचे आणि लुटारूंचे होते. म्होरक्या मारला की टोळी पांगते, असा बादशहाचा हिशेब होता. रायगडावर येसूबाईंनी स्वतःच्या मुलाला, शाहूला, मागे ठेवून एकोणीस वर्षांच्या दिराला पुढे केले. ज्याने कधी फौज चालवली नव्हती, ज्याच्या नावावर एकही लढाई नव्हती, असा हा राजा. तो रायगडाहून प्रतापगडावर गेला, तिथून पन्हाळ्यावर आणि तिथून वेष पालटून बिदनूरच्या राणी चन्नम्माच्या मुलखातून थेट जिंजीला. मागे रायगड पडला, येसूबाई आणि शाहू कैदेत गेले, मावळातले गड एकामागून एक मोगलांकडे गेले.

या वेळी भोरच्या खोऱ्यात काय चालले होते, ते बघण्यासारखे आहे. कारीचे जेधे हे स्वराज्याचे पहिल्या दिवसापासूनचे घर. कान्होजी जेध्यांनी आदिलशाहीच्या वतनावर पाणी सोडले होते. त्याच घरातल्या बाजी सर्जेराव जेध्यांना राजारामांचे मार्च १६९० चे पत्र आहे. आपण कर्नाटकात येऊन पोहोचलो, चाळीस हजार घोडा आणि सव्वा लाख हशम जमला, तिकडचे पाळेगार येऊन मिळत आहेत, तुम्हीही आपला जमाव घेऊन उभे राहा, वतन तर आहेच, त्यात आणखी गावे देऊ, असा त्याचा आशय. आकडे फुगवलेले असतील. पण पत्राचा सूर पाहा. पळून गेलेला, वेढ्याच्या तोंडाशी असलेला तरुण राजा शेकडो कोसांवरून रोहिड खोऱ्यातल्या एका देशमुखाला हुकूम करण्याऐवजी त्याचे मन वळवतो आहे. त्याला ठाऊक आहे की हुकूम बजावायला हाताशी काही नाही. हणमंतराव घोरपड्यांना १६९१ मध्ये दिलेल्या पत्रात तर मुलूख जिंकण्याच्या टप्प्यांत दिल्लीचेही नाव आहे.

वतने देण्याच्या या धोरणावर इतिहासकारांनी टीका केली आहे, आणि ती रास्त आहे. थोरल्या महाराजांनी ज्या वतनदारीला वेसण घातली होती, ती इथे सैल झाली आणि पुढे सरदार डोईजड झाले. पण त्या घडीला औरंगजेब त्याच देशमुखांना वतनाच्या सनदा वाटत होता. राजारामांकडे खजिना नव्हता, फौज विखुरलेली होती. देण्यासारखा एक शब्दच उरला होता, आणि लोकांनी तो खरा मानला. मला यात दुबळेपणाहून वेगळे काही दिसते. आपल्याला काय जमत नाही हे या माणसाला कळत होते. म्हणून महाराष्ट्राचा कारभार त्यांनी रामचंद्रपंत अमात्यांवर सोपवला, मैदान संताजी घोरपडे आणि धनाजी जाधवांवर सोडले, आणि मावळचे गड शंकराजी नारायण गांडेकरांवर. शंकराजींनी राजगड, तोरणा, रोहिडा परत मिळवले. त्यांना सचिवपद मिळाले आणि भोरच्या पंत सचिवांचे घराणे उभे राहिले.

दुबळेपणा म्हणायचाच तर तो संताजींच्या प्रकरणात दिसला. संताजी आणि धनाजी यांचे वितुष्ट राजारामांना मिटवता आले नाही. स्वतः एका बाजूला झुकले, आणि १६९७ मध्ये संताजींसारखा सेनानी आपल्याच माणसांच्या वैरात मारला गेला. खंबीर धन्याने ते होऊ दिले नसते, असे मला वाटते. ती जखम स्वराज्याला फार खोल झाली.

जिंजीचा किल्ला सुमारे आठ वर्षे झुंजला. तो १६९८ च्या सुरुवातीला पडला, तोवर राजाराम तिथून निसटून महाराष्ट्राच्या वाटेला लागले होते. १६९९ मध्ये त्यांनी साताऱ्याला राजधानी केली आणि स्वतः फौजेबरोबर उत्तरेच्या स्वारीवर निघाले. शरीर थकले होते. परत सिंहगडावर आले आणि मार्च १७०० मध्ये तिथेच गेले. वय तीस. सिंहगडावर त्यांची समाधी आहे.

बादशहाने पुन्हा तोच हिशेब मांडला. १७०४ मध्ये त्याने राजगड घेतला, पाठोपाठ तोरणा. तोरणा तर लढून घ्यावा लागला. तरी लढाई संपली नाही, कारण ती एका माणसावर उभी नव्हती. ताराबाईंनी ती आणखी सात वर्षे चालवली, पण तिला आकार आला होता तो नवऱ्याच्या काळात.

१७०७ मध्ये शाहू सुटून आले. खेडच्या लढाईत धनाजी त्यांना मिळाले आणि शाहूंची फौज सचिवांच्या मुलखाकडे वळली. शंकराजींनी ताराबाईंशी निष्ठेची शपथ घेतली होती. समोर संभाजीराजांचा मुलगा, तोही धनीच. त्याच्यावर शस्त्र धरवेना आणि शपथही मोडवेना. भोरजवळ आंबवड्याला त्यांनी प्राण दिला. कोणी विष घेतले म्हणतात, कोणी हिरकणी खाल्ली म्हणतात. नागेश्वराच्या देवळाजवळ त्यांची समाधी आहे. शाहूंनी राग धरला नाही. शंकराजींच्या लहानग्या मुलाला, नारो शंकरला, सचिवपदाची वस्त्रे दिली.

८ मार्च १९४८ ला भोर संस्थान विलीन झाले, तोवर हा मुलूख त्या घराण्याकडे होता. संस्थानाचे तालुकेही गडांच्या नावांनी ओळखले जात : विचित्रगड म्हणजे रोहिडा, प्रचंडगड म्हणजे तोरणा, आणि राजगड. वेल्हे तालुक्याला आता पुन्हा राजगड हे नाव मिळाले आहे. त्या निमित्ताने शाळांच्या सहली गडावर येतील, तेव्हा सईबाईंच्या समाधीबरोबर राजारामांच्या जन्माचीही ओळख करून देणारा फलक तिथे हवा. आणि जेध्यांना आलेले ते पत्र भोरच्या शाळांत एकदा तरी मोठ्याने वाचले जावे. ते याच खोऱ्यातल्या माणसाला आलेले होते.