भरती रोज उशिरा का येते?

मुंबईच्या किनाऱ्यावर आज दुपारी १२ वाजता भरती आली, तर उद्या ती पाऊण वाजून गेल्यावर येईल. परवा आणखी उशिरा. रोजची ही साधारण ५० मिनिटं येतात कुठून?

चंद्र आपल्या ओढीने समोरच्या बाजूचं पाणी फुगवतो. पलीकडच्या बाजूला ही ओढ कमी पडते, तिथलं पाणी मागे राहतं आणि तिथेही फुगवटा येतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरताना आपला किनारा या दोन्ही फुगवट्यांमधून जातो. मात्र तिची एक फेरी होईपर्यंत चंद्र त्याच दिशेने पुढे सरकलेला असतो. घड्याळात १२ वाजता दोन्ही काटे जुळतात. तासाभराने मिनिटकाटा १२ वर परततो, पण तासकाटा १ वर गेलेला असतो. त्याला गाठायला आणखी फिरावं लागतं, तसंच हे.

कोकणातल्या दर्यावर्दींनी हे गणित तिथीत बसवलं: तिथीची पाऊणपट करा, भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ३, अष्टमीला ६. किती नेमकं निरीक्षण! पौर्णिमा-अमावास्येला सूर्याची ओढही चंद्राच्या ओढीत मिसळते, म्हणून उधाण येतं. अष्टमीच्या सुमारास भांगाची लहान भरती. सर्वांत मोठं उधाण मात्र पौर्णिमा-अमावास्येनंतर एक-दोन दिवसांनी येतं.

पावसाळ्यात किनाऱ्यावरच्या खडकांवर उतरण्याआधी कॅलेंडरवरची तिथी जरूर पाहा.