गाईडला टीप किती द्यायची? शिकारीच्या ट्रिपचा हिशोब आणि आपला धंदा



होमस्टे, ट्रेकिंग, कृषी पर्यटन असा धंदा सुरू करणाऱ्यांना पाहुणे एक प्रश्न हमखास विचारतात, "गाईडला किती द्यायचे हो?" आणि आपण काय सांगतो? "तुमच्या मर्जीने द्या." ऐकायला बरं वाटतं, पण यात पाहुणा गोंधळतो आणि गाईडच्या हातात काय पडेल याचा भरवसा राहत नाही. आज हा विषय नीट समजून घेऊ, आणि तोही अशा धंद्यातून जिथे टीपची रक्कम खरंच मोठी असते: अमेरिकेतल्या पैसे भरून केलेल्या शिकारीच्या ट्रिप्स.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हा धंदा आपल्याला करायचा नाही. त्यातला टीपचा हिशोब तेवढा शिकायचा आहे.

हा धंदा चालतो कसा?

ट्रिप विकणाऱ्या मालकाला तिकडे आउटफिटर म्हणतात. तो गाईड, स्वयंपाकी आणि घोडे सांभाळणारा माणूस नेमतो. काही ठिकाणी गाईड घेणं कायद्यानेच भाग आहे. उदाहरणार्थ, वायोमिंगच्या राखीव वाइल्डरनेस भागात बाहेरच्या राज्यातल्या माणसाला मोठ्या प्राण्यांच्या शिकारीसाठी गाईड लागतोच. काम हंगामी असतं. पहाटे अंधारात निघायचं, दिवसभर डोंगर चढायचा, आणि शिकार झालीच तर मांस खाली वाहून आणायचं.

मग टीप किती?

तिकडचा सर्वसाधारण रिवाज म्हणजे ट्रिपच्या किमतीच्या १० ते २० टक्के. समजा एल्क या मोठ्या हरणाच्या शिकारीची ट्रिप ६,००० डॉलरची आहे. मग हिशोब असा:

- १० टक्के: ६०० डॉलर
- १५ टक्के: ९०० डॉलर
- २० टक्के: १,२०० डॉलर

हा आकडा काढताना चार गोष्टी बघायच्या.

१. टक्केवारी ट्रिपच्या किमतीवर धरतात. विमानाचं तिकीट आणि शिकारीचा परवाना त्यात धरत नाहीत.

२. स्वयंपाकी आणि घोडेवाल्याला वेगळी, लहान टीप देतात. म्हणून बुकिंग करतानाच विचारायचं, कॅम्पवर माणसं किती आणि टीप एकत्र वाटली जाते की वेगवेगळी?

३. मालक स्वतःच गाईड म्हणून आला तर टीपची अपेक्षा कमी असते, कारण ट्रिपचा नफा त्याच्याकडेच जातो. दिली तर कोणी नाही म्हणत नाही!

४. शिकार झाली नाही तरी टीप द्यायची. हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा.

टीप कष्टाची, प्राण्याची नाही

गाईडच्या हातात काय असतं? तयारी, वाटेची माहिती, सुरक्षितता, पाहुण्याशी वागणं. प्राणी कुठून निघेल हे त्याच्या हातात नसतं. टीप फक्त शिकारीवर ठरली, तर शेवटच्या दिवशी गाईडवर दडपण येतं. जो प्राणी सोडून द्यायला हवा, त्यावरही "मारा" म्हणायचा मोह होतो.

हे आपल्या सफारीलाही लागू आहे. "वाघ दाखव, खूश करतो" असं पाहुणा म्हणाला की आपण हसतो. पण त्या एका वाक्याने जिप्सी वाघाच्या किती जवळ जाईल हे ठरू शकतं. डिसेंबर २०२४ च्या शेवटी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे बछडे सफारीच्या गाड्यांमध्ये अडकले. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. असं झालं की कारवाई आधी गाईड आणि चालकावर येते. पाहुणा तर घरी गेलेला असतो.

मालकाने काय करायचं नाही?

पहिलं, टीप स्वतःकडे ठेवायची नाही. अमेरिकेत २०१८ च्या दुरुस्तीनंतर मालकाला किंवा मॅनेजरला कर्मचाऱ्यांची टीप ठेवून घेता येत नाही.

दुसरं, टीप पगारात धरायची नाही. माझ्या दुकानातून डिलिव्हरीला जाणाऱ्या मुलाला ग्राहक दहा-वीस रुपये देतात. ते त्याचे, मी त्याचा हिशोबसुद्धा विचारत नाही. समजा गाईडचा वाजवी रोज १,००० रुपये आहे. तुम्ही ६०० ठरवलात आणि "बाकी टीपमध्ये सुटेल" म्हणालात. महिन्यात ८ दिवस काम, म्हणजे ३,२०० रुपये तुम्ही वाचवले. पण दोन ग्रुप हात आखडून गेले की तोच गाईड ऐन सीझनमध्ये शेजारच्या होमस्टेवर दिसेल. नवा माणूस शोधणं, त्याला वाटा शिकवणं, तोपर्यंत बिघडलेले रिव्ह्यू, हे सगळं ३,२०० मध्ये भागणार आहे का?

तिसरं, टीप बिलात जबरदस्तीने लावायची नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला हॉटेल आणि रेस्टॉरंटना सर्व्हिस चार्ज आपोआप लावायला मनाई केली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही ते कायम ठेवलं. तुमच्याकडे जेवण मिळत असेल तर हे आधी वाचा.

मग पाहुण्याला काय सांगायचं?

बुकिंग पक्कं झालं की व्हॉट्सॲपवर हा मेसेज पाठवा:

"आमच्या गाईडना आम्ही ठरलेला रोज देतो. टीप सक्तीची नाही. काम आवडलं तर ग्रुपमागे साधारण ₹___ ते ₹___ देऊ शकता. गाईडची टीप त्याच्याच हातात किंवा त्याच्याच क्यूआर कोडवर द्या. स्वयंपाकघरातल्या मंडळींसाठी वेगळा डबा आहे. प्राणी दिसणं निसर्गाच्या हातात आहे, टीप गाईडच्या मेहनतीसाठी द्यावी."

रिकाम्या जागी अमेरिकेची टक्केवारी चिकटवू नका. १० जणांच्या ग्रुपचं बिल ४०,००० झालं तर २० टक्के म्हणजे ८,००० रुपये. आपल्या पाहुण्याला ते पटणार नाही. तुमच्या गाईडसोबत बसा, गेल्या १० ग्रुपनी खरंच किती दिले ते लिहा आणि त्यावरून आकडा ठरवा. फुगवलेला आकडा टाकू नका, पाहुणे एकमेकांशी बोलतात.

डब्यातले पैसे आठवड्याला सगळ्यांसमोर मोजा आणि आधी ठरलेल्या वाट्याप्रमाणे तिथेच वाटा. स्वतःचा वाटा काढू नका.

आजचा गृहपाठ: तुमच्या गाईडचा रोज एका कागदावर लिहा. टीप शून्य धरली तरी तेवढ्यात त्याचं घर चालेल का? उत्तर "नाही" असेल तर टीपचा मेसेज नंतर, आधी पॅकेजची किंमत दुरुस्त करा. ती कशी काढायची ते व्हिडिओत फळ्यावर करून दाखवलंय, नक्की बघा.

भेटू पुढच्या भागात!