प्रबंधापूर्वीची पायरी : संदर्भशोधाचे नियोजन



आपल्या वस्तीतील मुलेमुली आता पदवी घेऊन थांबत नाहीत, पीएच.डी.साठी नाव नोंदवू लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण ज्या घरात प्रबंध कोणी पाहिलेलाच नाही, तेथे संदर्भ कसे शोधावेत हे सांगणारे माणूसही नसते. आमच्या अभ्यासिकेतील एका विद्यार्थिनीचा संशोधन आराखडा परत आला. शेरा होता, "पूर्वीच्या साहित्याचा आढावा अपुरा." तिने वाचन केले नव्हते असे नाही. वर्षभर ती रोज वाचत होती. परंतु हाती येईल ते वाचत होती. शिष्यवृत्तीचे एक वर्ष त्यात गेले. असे दुसऱ्या कोणाचे होऊ नये म्हणून तिच्याच विषयाच्या आधारे आम्ही ही पद्धत मांडत आहोत.

तिची आजी १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जात असे. म्हणून विषय घेतला, 'रोजगार हमी योजना आणि स्त्रिया'. हा विषय झाला, प्रश्न नव्हे. आम्ही तिला एका वाक्यात प्रश्न लिहायला सांगितले. तो असा झाला : रोजगार हमीच्या कामावर जाणाऱ्या मराठवाड्यातील स्त्रियांची मजुरी कोणाच्या हाती पडत असे? आता शोधाचे चार भाग दिसू लागले : योजना, स्त्रिया, मजुरी आणि प्रदेश.

दुसरी पायरी शब्दांची. एकच गोष्ट निरनिराळे लेखक निरनिराळ्या नावांनी लिहितात. म्हणून वहीचे पान उभे चार रकान्यांत आखावे व प्रत्येक भागाचे मराठी-इंग्रजी प्रतिशब्द लिहावेत. रोजगार हमी, रोहयो, एम्प्लॉयमेंट गॅरंटी स्कीम, ईजीएस. स्त्री, महिला, वुमेन. मजुरी, रोज, वेजेस. २००५ साली केंद्राचा कायदा झाल्यावर 'नरेगा' हा शब्द आला. तो रकान्यात नसेल, तर त्या नावाखाली झालेले लेखन आपल्या नजरेतून सुटेल.

तिसरी पायरी मर्यादेची. महाराष्ट्राचा रोजगार हमी कायदा १९७७ साली झाला व १९७९ पासून अमलात आला. योजना मात्र १९७२ पासूनची. त्यामुळे केवळ कायद्यानंतरचे लेखन पाहून भागणार नाही. कोणत्या सालापासून, कोणत्या भाषेतले, कोणत्या प्रदेशाचे साहित्य पाहायचे, हे आधीच ठरवून लिहून ठेवावे.

चौथी पायरी ठिकाणांची. प्रथम ग्रंथालयाची सूची पाहावी. दशांश वर्गीकरणात ३३१ हा कामगारविषयक अर्थशास्त्राचा क्रमांक आहे. ते कपाट संपूर्ण न्याहाळावे. पूर्वीचे प्रबंध 'शोधगंगा' या संकेतस्थळावर मिळतात, त्यामुळे आपला विषय आधीच कोणी केला आहे का, हे कळते. लेखांसाठी १९६६ पासून निघणारे 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' चाळावे. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या ग्रंथालयात शासकीय अहवाल पाहावेत. विषय जुना असेल, तर शं. ग. दाते यांची १८०० ते १९३७ या काळाची मराठी ग्रंथसूची हाताशी घ्यावी. आणि ग्रंथपालांना विचारण्यास लाजू नये. वाचकाचा वेळ वाचवा, हा रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या पाच सूत्रांतला एक नियमच आहे.

संगणकावर शोधताना एका रकान्यातील प्रतिशब्द 'ऑर'ने जोडावेत, म्हणजे जाळे रुंद होते. निरनिराळे रकाने 'अँड'ने जोडावेत, म्हणजे नको ते गळते. दोन-तीन शब्दांचे नाव असेल तर ते अवतरणचिन्हांत घालावे. हजारो नोंदी आल्या तर एक रकाना वाढवावा. काहीच आले नाही तर एक कमी करावा.

पाचवी पायरी नोंदीची. तारीख, ठिकाण, वापरलेले शब्द, किती नोंदी मिळाल्या, किती ठेवल्या, हे रोज लिहावे. ही वही असली की तेच काम दुसऱ्यांदा करावे लागत नाही. चांगला लेख मिळाल्यावर त्याच्या शेवटची संदर्भसूची पाहून मागे जावे. पुढे त्या लेखाचा आधार कोणी घेतला, तेही पाहावे.

थांबावे केव्हा? नव्या ठिकाणीही तीच नावे, तेच लेख पुन्हा पुन्हा येऊ लागले की शोध पुरेसा झाला असे समजावे.

आमच्या विद्यार्थिनीने हे काम सहा आठवड्यांत केले. तिच्या यादीत किती स्त्रिया कामावर होत्या याची चर्चा पुष्कळ निघाली. घरी गेल्यावर मजुरी कोणाकडे राहिली, याविषयी फारच थोडे. आपल्या प्रश्नाची जागा कोठे आहे, हे तिला तेव्हा कळले. आराखडा मंजूर झाला आणि पहिली मुलाखत तिने आजीचीच घेतली.