बॅटरी उतरते कोठे?

गाडी सकाळी सुरू झाली नाही की आपल्याकडे पहिला दोष बॅटरीला दिला जातो. जुनी देऊन नवी आणली जाते आणि पंधरा दिवसांनी पुन्हा धक्का मारण्याची पाळी येते. जळगाव, एरंडोल, पारोळा, धुळे या रस्त्यावर कर्जाची जीप चालविणाऱ्या तरुणाचा त्यात दिवसाचा धंदा जातो आणि हप्ताही लांबतो. कर्जाच्या टेबलावर ही गाऱ्हाणी वरचेवर ऐकू येतात, म्हणूनच कलाशाखेचा पदवीधर असूनही हा विषय मी निवडला आहे.

हा आजार सर्वांत स्पष्ट दिसतो तो स्पोर्ट्स कारमध्ये. आपल्या शेजारच्या गोव्यात सॅन स्टॉर्म नावाची दोन आसनी मोटार तयार होत असे, तिला रेनो कंपनीचे ११४९ घन सें.मी.चे इंजिन होते. अशा हौसेच्या गाड्या रविवारी फिरतात आणि सहा दिवस उभ्या राहतात. उभ्या गाडीतही घड्याळ, अलार्म, टेप थोडी थोडी वीज खातच असतात. लग्नसराई संपल्यावर उभी राहिलेली भाड्याची मोटार किंवा पेरणीपर्यंत उभा असलेला ट्रॅक्टर यांची गत निराळी नाही.

बॅटरी म्हणजे बचत खाते समजा. अल्टरनेटर (गॅरेजमध्ये त्यालाही डायनामाच म्हणतात) भरणा करतो, दिवे आणि सेल्फ रक्कम काढतात. शिल्लक संपली तर तीन शक्यता उरतात : भरणा होत नाही, कोणीतरी गुपचूप पैसे काढते आहे, किंवा खातेच बाद झाले आहे. यांपैकी कोणती, हे काही शे रुपयांच्या मल्टिमीटरने घरी कळते.

गाडी रात्रभर उभी ठेवून सकाळी बॅटरीच्या दोन्ही टोकांवर व्होल्ट मोजावेत. १२.६ म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे सुमारे निम्मी, ११.८ म्हणजे रिकामी. नंतर इंजिन चालू करून जरा रेस द्यावी. आकडा १३.८ ते १४.४ च्या दरम्यान आला तर भरणा ठीक आहे. हेडलाइट लावल्यावरही तो १३.५ च्या खाली जाऊ नये. १३ च्याही खाली राहिला तर आधी फॅन बेल्टचा ताण पाहावा, मग अल्टरनेटरचे ब्रश आणि डायोड. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर, म्हणजे आपला ‘कटआऊट’, बिघडला आहे. तो बॅटरीचे पाणी उकळून टाकतो आणि बल्बही उडवितो.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर काढून ‘गाडी चालू राहिली, म्हणजे डायनामा चांगला’ असे दाखविणारे कारागीर आजही भेटतात. जुन्या डायनामाच्या काळात ते खपून गेले. अल्टरनेटरच्या गाडीत मात्र बॅटरी अचानक सुटली की व्होल्टेज एकदम उसळते, डायोड जातात आणि नव्या गाडीतील संगणकही जळू शकतो. कोणी असे करू लागला तर सरळ हात धरावा.

भरणा ठीक असूनही बॅटरी उतरत असेल तर गुपचूप जाणारी वीज शोधावी. चावी काढून, दारे लावून, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी आणि वायर व टोक यांच्यामध्ये मीटर १० अँपिअरच्या पट्टीवर जोडावा. या वेळी सेल्फ मुळीच मारू नये, मीटर जळेल. नव्या गाडीत अर्धा तास थांबावे, कारण तिचे संगणक झोपी जायला वेळ घेतात. मग ५० मिलिअँपिअरपर्यंतचा आकडा चालतो. साध्या जुन्या जीपमध्ये तो जवळजवळ शून्य हवा. विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा : अर्धा अँपिअर जात असेल तर २४ तासांत १२ अँपिअर-तास गेले. ४५ अँपिअर-तासांची बॅटरी चार दिवसही टिकणार नाही. डिकीतला न विझणारा लहानसा दिवा एवढे सहज करतो.

आता एकेक फ्यूज काढावा. ज्या फ्यूजला आकडा पडेल, चोर त्या वायरवर आहे. बहुधा तो मागाहून थेट जोडलेला टेप, ॲम्प्लिफायर किंवा चिकटलेला रिले निघतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही तर बॅटरीच्या मोकळ्या वायरला काही टेकू न देता अल्टरनेटरची जाड वायर सोडवून पाहावी. तेव्हा पडला, तर डायोड गळतो आहे.

खानदेशचा उन्हाळा हा निराळाच हिशेब. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि उष्णतेने बॅटरी आतून लवकर झिजते, पाणीही भराभर आटते. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर उन्हाळ्यात दर पंधरवड्याला पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे पाणी घातले की त्यातील क्षार प्लेटा खातात. टोकांवरची हिरवट-पांढरी बुरशी खाण्याचा सोडा आणि गरम पाणी यांनी धुवावी, मात्र सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. इंजिनाची अर्थिंगची पट्टीही घासून घट्ट करावी. कित्येक ‘मेलेल्या’ बॅटऱ्या एवढ्यानेच जिवंत होतात.

हे सर्व ठीक निघाले, बॅटरी पूर्ण चार्ज केली आणि तरीही सेल्फ मारताना व्होल्ट ९.६ च्या खाली कोसळत असतील, तरच खाते बाद समजावे. अशा वेळी नवी विकत घेण्यापूर्वी जुन्या बॅटरीचे गॅरंटी कार्ड शोधून त्यावरची तारीख पाहावी.