उजवा हात, डिपर आणि हॉर्न : सातारा-सांगलीच्या रस्त्यांची बिघडलेली बोली

रस्त्यावर कुणी आपल्याला हूल दिली, कट मारला, डोळ्यांत लाईट मारला की आपल्याकडे त्याची दोनच निदानं होतात. माज, नाहीतर अडाणीपणा. मोटारवाला असेल तर पहिलं, ट्रॅक्टरवाला असेल तर दुसरं, आणि मोटरसायकलवरचं कॉलेजचं पोरगं असेल तर दोन्ही. ही निदानं खोटी आहेत असं मी म्हणणार नाही. साताऱ्याहून मिरजेला ज्याला वरचेवर जावं लागतं त्याला तसं म्हणणं परवडतही नाही. पण गेली काही वर्षं एसटीच्या पुढच्या बाकावर, पेठ नाक्यावरच्या चहाच्या टपऱ्यांत आणि साखर कारखान्यांच्या वाहनतळांवर चालकांशी बोलून मी जी टिपणं केली, ती चाळताना एक तिसरंच कारण वारंवार पुढं येतं. रस्त्यावर माणसं एकमेकांशी अखंड बोलत असतात. हातानं, दिव्यानं, हॉर्ननं. आणि या बोलीतल्या नेमक्या जीवघेण्या शब्दांना दोन-दोन, कधी एकमेकांविरुद्ध जाणारे अर्थ चिकटलेले आहेत. बोलणारा एक म्हणतो, ऐकणारा दुसरं ऐकतो आणि मग दोघंही एकमेकांना माजोरडे ठरवतात.

उजव्या हातापासून सुरुवात करू. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली १९८९ साली रस्त्यावर वाहन चालवण्याचे जे नियम झाले, त्यांत हाताच्या खुणा तपशीलवार दिल्या होत्या. उजवीकडे वळायचं असेल तर उजवा हात आडवा बाहेर काढायचा, तळवा पुढच्या दिशेला. वेग कमी करायचा असेल तर तळवा जमिनीकडं करून हात वर-खाली हलवायचा. आणि मागच्याला पुढं जाऊ द्यायचं असेल तर हात आडवा काढून अर्धवर्तुळात मागून पुढं झुलवायचा. 'मी वळतोय' आणि 'तू जा' या दोन वेगळ्या खुणा होत्या. तळहात कसा आहे आणि हात हलतोय की स्थिर आहे, एवढ्यावर अर्थ ठरत होता. जुन्या एसटी चालकांचे हात ज्यांनी पाहिले आहेत त्यांना ही भाषा किती स्पष्ट होती ते आठवत असेल.

पुढं हाताची जागा दिव्यानं घेतली. दिव्याला तळवा नसतो. तो उजवीकडं लुकलुकतो, एवढंच. माझा तर्क असा की उजव्या हाताच्या निरनिराळ्या खुणा एकाच दिव्यात कोंबल्या गेल्या आणि घोळ तिथं सुरू झाला. आज विटा-तासगाव किंवा कराड-पाटण रस्त्यावर पुढच्या ट्रकचा उजवा दिवा लागला तर तो 'मी उजवीकडं वळतोय' असं म्हणत असेल, 'पुढं मोकळं आहे, जा' असं म्हणत असेल, किंवा 'समोरून गाडी येतीय, निघू नको' असंही म्हणत असेल. दिवा एक आणि त्याचे तीन अर्थ, त्यांतले दोन एकमेकांच्या थेट विरुद्ध. काही चालक 'जा' म्हणायला डावा दिवा लावतात. ड्रायव्हिंग स्कूलमधून शिकून आलेला मोटारवाला पुस्तकातला अर्थ घेऊन मागं रखडतो आणि ट्रकवाला म्हणतो, "एवढी साईड दिली तरी ह्येला कळंना." चौपदरी महामार्गावर समोरून वाहन यायचं नसल्यानं हा प्रश्न उरत नाही. पण आपला गावोगावचा रस्ता अजून दुपदरीच आहे.

डिपरची कथा याहून मजेदार आहे. इंग्रजीत डिप म्हणजे खाली करणं. डिपर हे दिव्याचा झोत खाली उतरवण्याचं बटण. ट्रकांच्या पाठीवर 'यूज डिपर ॲट नाइट' लिहिलेलं असतं ते यासाठी, की बाबा रे, मागून येतोस तर झोत खाली घे. आपल्या मराठीत मात्र 'डिपर मारणे' म्हणजे झोत वर फेकणे! शब्द आपण घेतला आणि त्याची शेपटी धरून उलटा टांगला. ट्रकमागचं ते वाक्य अक्षरशः पाळणारे म्हणूनच कमी आणि उलटं पाळणारे जास्त, असं म्हटलं तर ती केवळ कोटी ठरणार नाही.

या डिपरचे अर्थ मी मोजू लागलो तेव्हा वहीचं पान पुरेना. 'मी येतोय, तू थांब.' 'तुझा झोत खाली घे.' 'तुझा दिवा दिवसाही चालू राहिलाय.' 'पुढं मामा उभे आहेत, हेल्मेट घाल.' 'ओळखलं का, पावनं?' आणि क्वचित, फारच क्वचित, 'या, तुम्ही आधी.' ओढ्यावरच्या अरुंद पुलाच्या दोन टोकांना दोन गाड्या आल्या की आपल्याकडं नियम असा, की ज्यानं आधी डिपर मारला त्याचा पूल. इंग्लंडात दिवे चमकवले की व्यवहारात बहुतेक जण 'तुम्ही या' असा अर्थ घेतात. तिथली सरकारी पुस्तिका मात्र बजावून सांगते, की दिवा चमकवणं म्हणजे फक्त 'मी इथं आहे', त्यातून दुसरा काही निरोप देऊ नका आणि घेऊही नका. तिकडं नोकरी करणारा आपला मुलगा सुट्टीत घरी आला तर पहिले चार दिवस त्याच्या हाती गाडी देऊ नये, असं माझं मत आहे. समोरच्याचा डिपर पाहून तो आभाराचा हात करून पुलावर शिरेल.

हॉर्नबद्दल आपण सगळेच तक्रार करतो, म्हणून इथं थोडक्यात सांगतो. रस्ता-वाहतुकीचा व्हिएन्ना करार १९६८ चा. भारत त्यात १९८० साली सामील झाला. त्यात हॉर्नला दोनच प्रसंग दिले आहेत : अपघात टाळण्यासाठी इशारा देणं, आणि वस्तीबाहेर ओलांडताना पुढच्याला सावध करणं. आपल्याकडं एसटी गावात शिरली की हॉर्न, घाटमाथ्यावरच्या देवाला हॉर्न, मित्राच्या दुकानापुढं हॉर्न, साईड दिल्याबद्दल आभाराचे दोन छोटे हॉर्न. महाराष्ट्र सरकारनं एप्रिल २०१५ मध्ये मालवाहू गाड्यांवर 'हॉर्न ओके प्लीज' लिहायला बंदी केली. २०१९ च्या कायदादुरुस्तीनं विनाकारण हॉर्न वाजवण्याला पहिल्यांदा १,००० आणि पुन्हा केल्यास २,००० रुपये दंड ठेवला. पण ट्रकच्या मागची ती विनंती उगाच आलेली नव्हती. माल भरला की चालकाला मागचं दिसत नसे. डाव्या बाजूचा डोळा म्हणजे किन्नर. पत्र्यावर थाप मारून तो "येऊ दे, येऊ दे, बास" सांगायचा. किन्नर पगारात परवडेना म्हणून गेला, तो डोळाही गेला आणि हॉर्नवरचा भार वाढला.

घाटातला नियम मात्र अजून एकार्थी आहे, आणि तो मोडणारे बहुधा बाहेरून आलेले असतात. अरुंद चढावर उतरणाऱ्यानं कडेला थांबायचं आणि चढणाऱ्याला वाट द्यायची, असं १९८९ च्या नियमांतही होतं. वडापवाले 'चढाला मान' म्हणतात. कारण साधं आहे. भरलेली गाडी चढावर थांबली की पुन्हा उचलताना क्लच जळतो, गाडी मागं घसरते. उतरणाऱ्याला नुसता ब्रेक सोडायचा असतो. कास पठार २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलं. तेव्हापासून सप्टेंबरच्या शनिवार-रविवारी यवतेश्वरच्या वळणांवर फुलं बघून उतरणारी मोटार चढत्या जीपच्या तोंडाशी येऊन उभी राहते आणि हॉर्न वाजवते. जीपवाला खाली उतरून काय बोलतो ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही.

रस्त्याच्या बोलीत नुसता राग नाही, हेही नोंदवायला हवं. "ओ दादा, स्टँड!" "वहिनी, ओढणी!" हे ओरडणारी माणसं अनोळखी असतात आणि वळून आभार मानेपर्यंत पुढं गेलेली असतात. २०१७ पासून नव्या दुचाकींचे दिवे कायम चालू राहू लागले, तेव्हा कित्येक महिने समोरचा प्रत्येक जण मूठ उघडून-मिटून 'लाईट चालू आहे' सांगत होता. दिवा बंदच होत नाही हे कळेपर्यंत लोकांनी ही फुकटची काळजी केली. तेव्हा आपल्याला दुसऱ्याचं काही पडलेलंच नसतं, हे निदान पुरतं पटत नाही.

आता उसाकडं येतो, कारण या दोन जिल्ह्यांत रस्त्याचा खरा जीवघेणा प्रश्न तोच आहे. दिवाळी सरली की हंगाम सुरू होतो आणि चार-पाच महिने ट्रॅक्टर आणि त्यामागं दोन ट्रॉल्या असा ताफा रात्रंदिवस रस्त्यावर असतो. रात्री का, असं शहरातले पाहुणे विचारतात. तोडलेला ऊस वाळतो, वजन आणि उतारा दोन्ही घटतात. म्हणून तो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असा प्रयत्न असतो. वाहतुकीचे पैसे टनावर मिळतात, म्हणून ट्रॉली शिगोशीग. वाहनतळावर नंबर लागायला कधी दहा-बारा तास जातात, म्हणून नंबर लागल्यावर पुढच्या खेपेची घाई. चालकाची झोप मधल्यामध्ये गायब होते.

वर सांगितलेली सगळी बोली या वाहनापाशी येऊन संपते. ट्रॅक्टरवाला वळताना आजही हात काढतो. तो जुन्या वळणाचा माणूस आहे. पण त्याच्या मागं दोन ट्रॉल्यांवर उसाची भिंत आहे. त्याचा हात मागच्या कुणाला दिसूच शकत नाही. मागचे दिवे चालावेत म्हणून ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला आणि पहिलीपासून दुसरीला वायर जोडावी लागते. ट्रॉली सोडताना, फिरवताना ती ओढली जाते, पिन तुटते, आणि पुन्हा जोडायला ना वेळ असतो ना उजेड. हंगामाच्या आरंभी परिवहन खातं, पोलीस आणि कारखाने मिळून ट्रॉल्यांना रिफ्लेक्टर लावतात, त्याचे फोटोही येतात. डिसेंबर उजाडेपर्यंत त्यावर चिखलाचा थर बसतो, वरून वाढं लोंबतं. म्हणजे हे वाहन मुकं. आणि ते बहिरंही असतं, कारण पुढं टेप लावलेला असतो. हा टेप हा इकडच्या लोकांच्या संतापाचा पहिल्या क्रमांकाचा विषय आहे. मागून कितीही हॉर्न द्या, ट्रॅक्टर रस्त्याच्या मधूनच चालतो. वाळवा तालुक्यातल्या एका तरुण चालकाला मी हे विचारलं, तर तो म्हणाला, "काका, ह्यो टेप बंद क्येला की मला झोप लागती. मग हॉर्न वाजवा न्हाईतर बँड लावा." त्याच्या उत्तरानं मागच्याचा त्रास कमी होत नाही, पण माजाचं निदान तिथं बसत नाही, एवढं खरं.

अशी मुकी ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यात उभी राहिली की काय होतं, त्याचं गणित सोपं आहे. ताशी साठ किलोमीटर वेगानं दुचाकी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त जाते. समोरून येणाऱ्यानं वरचा झोत तसाच ठेवला, आणि डोळे दिपून दोन सेकंद काही दिसलं नाही, तर तेहतीस मीटर रस्ता आंधळेपणानं कापला जातो. ट्रॉली त्या तेहतीस मीटरांत असते. बैलगाडीच्या आसाखाली पूर्वी कंदील लटकत असे आणि बैलांच्या गळ्यात घुंगरं. त्या मानानं आजची वीस टनांची गाडी जास्त अंधारात चालते. चालक तिच्यामागं दगड मांडतो, एखादी डहाळी खोवतो. ही खूण सगळ्यांना कळते, पण ती दिवसाची आहे. आणि चाक बदलून ट्रॉली निघून गेली तरी दगड तिथंच राहतात. पुढच्या दुचाकीसाठी.

दंड वाढवणं हा एक उपाय सगळे सुचवतात. रात्री दोन वाजता आडरस्त्यावर दंड कोण करणार, हे मला समजत नाही. पण प्रत्येक खेपेत एक जागा अशी आहे जिथं ट्रॉली थांबल्यावाचून पुढं जातच नाही. वजनकाटा. भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस पडल्यावर रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन होतं, मगच पावती निघते. रिकामी ट्रॉली काट्यावर उभी असते तेव्हा मागचे दिवे उघडे असतात, त्यावर वाढं नसतं, चालकाला पावतीसाठी थांबायचंच असतं. तिथं वायर जोडून दिवा लागतो का हे पाहायला अर्धा मिनिट पुरेल. एक पोरगं, ओलं फडकं, चार पिना आणि दोन-चार बल्ब काट्याच्या खोपीत ठेवायचे. रिफ्लेक्टरची पट्टी ट्रॉलीच्या पत्र्याला न चिकटवता कापडावर शिवून दोरीसकट चालकाजवळ द्यायची, म्हणजे फडात ऊस भरून झाल्यावर टोळीतला कुणीही ती उसावरून मागं सोडू शकेल. आणि पट्टी नसेल तर पावती थांबवायची. मी हे एका कारखान्याच्या वाहतूक विभागातल्या गृहस्थांना सांगितलं. ते म्हणाले, पावती थांबली की रांग थांबते आणि रांग थांबली की गव्हाण रिकामी पडते. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, कापडी पट्टी शिवून देणारं तासगावात कुणी आहे का.