आधी काउंटी, मग डॉक्टर, मग हप्ता

हेल्थकेअर डॉट गव्ह या अमेरिकी सरकारच्या संकेतस्थळावर आरोग्य विमा बघायला बसलं की सुरुवातीलाच झिपकोड विचारतात. काही झिपकोड टाकले की लगेच दुसरा प्रश्न येतो: तुमची काउंटी कोणती? काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. मी राहते ते कॅरी गाव नॉर्थ कॅरोलायनात, रॉलीच्या शेजारी आहे. गावाचा बहुतेक भाग वेक काउंटीत येतो आणि पश्चिमेकडचा थोडा भाग चॅटम काउंटीत. दोन घरांचा किराणा एकाच भारतीय दुकानातून येतो, मुलं एकाच मैदानावर क्रिकेट खेळतात, गणपतीला दोन्ही घरं एकाच मांडवात असतात. तरी काउंटी वेगळी असेल तर त्यांच्यापुढे येणारी विम्याच्या प्लॅनची यादी आणि हप्ते वेगळे असू शकतात.

मी एका दवाखान्यात बिलिंगचं काम करते. त्यामुळे आमच्या मराठी मंडळातली मंडळी नोव्हेंबर उजाडला की 'काकू, जरा बसता का आमच्याबरोबर' म्हणून फोन करतात. बहुतेकांनी मनाशी कंपनी ठरवलेली असते. डॅलसच्या भावाने सांगितलेली, न्यू जर्सीच्या मैत्रिणीला आवडलेली. मी त्यांना आधी लॅपटॉप उघडायला सांगते, कारण डॅलसचा प्लॅन इथे मिळत नाही. नॉर्थ कॅरोलायनात १०० काउंटी आहेत आणि कुठल्या काउंटीत धंदा करायचा हे विमा कंपन्या दरवर्षी ठरवतात. २०१७ साली या राज्यातल्या ९५ काउंटींमध्ये मार्केटप्लेसवर, म्हणजे या संकेतस्थळावरच्या बाजारात, एकच कंपनी उरली होती. वेकसारख्या शहरी काउंटीत आज निवड करायला वाव आहे, पण ही यादीही कायमची नाही. एटना ही एवढी मोठी कंपनी, पण २०२६ पासून तिने या बाजारातून देशभर अंग काढून घेतलं. म्हणून मागच्या वर्षीचा प्लॅन आपोआप पुढे चालू राहील असं धरून स्वस्थ बसणं धोक्याचं आहे.

ज्यांना नोकरीतून विमा मिळत नाही त्यांच्यासाठी हा बाजार आहे: स्वतःचा व्यवसाय करणारे, कंत्राटावर काम करणारे, पासष्टीच्या आधी निवृत्त झालेले आणि भारतातून कायमचे आलेले आई-वडील. २०१० च्या कायद्याने तो उभा राहिला आणि जानेवारी २०१४ पासून विमा मिळू लागला. त्याआधी मधुमेह आहे, बायपास झाली आहे, असं कळलं की कंपनी सरळ नकार देऊ शकत असे. आता तसं करता येत नाही. जुना आजार कितीही असो, त्यावरून हप्ता वाढत नाही. वय, राहण्याचं ठिकाण, तंबाखूचं व्यसन आणि घरातली किती माणसं विम्यात घेतली, एवढ्यावरच हप्ता ठरतो. वयाचा फरक मात्र मोठा असतो: चौसष्ट वर्षांच्या माणसाचा हप्ता एकविसाव्या वर्षीच्या हप्त्याच्या तिप्पट असतो.

प्लॅनना ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम अशी नावं आहेत. त्यांचा उपचाराच्या दर्जाशी काही संबंध नाही. डॉक्टर तोच, शस्त्रक्रिया तीच. सरासरीने बघितलं तर खर्चाचा ६० टक्के भार ब्राँझ उचलतो, सिल्व्हर ७०, गोल्ड ८० आणि प्लॅटिनम ९०. उरलेला आपल्या खिशातून जातो. हप्ता कमी असेल तर डिडक्टिबल मोठं असतं, म्हणजे कंपनी हात पुढे करण्याआधी आपण भरायची रक्कम मोठी.

समजा एका प्लॅनचा हप्ता महिना ३८० डॉलर आणि डिडक्टिबल ७,५०० आहे. दुसऱ्याचा हप्ता ५२० आणि डिडक्टिबल २,५००. हप्त्यातला वर्षाचा फरक होतो १,६८० डॉलर. पित्ताशयाची एक शस्त्रक्रिया निघाली तर पहिल्या प्लॅनमध्ये डिडक्टिबलपोटीच पाच हजार जास्त भरावे लागतील. तरुण आणि धडधाकट माणसाने पहिला घेतला तर मी हरकत घेत नाही, मात्र त्याच्याकडे बँकेत तेवढे पैसे बाजूला हवेत. आणि सगळ्यात वाईट वर्षी किती जाईल हा आकडा प्रत्येकाने वहीत लिहून ठेवावा. नेटवर्कमधल्या उपचारांसाठी २०२६ मध्ये एका माणसाकडून १०,६०० आणि कुटुंबाकडून २१,२०० डॉलरपेक्षा जास्त घेता येत नाही. हप्ते मात्र त्यात धरलेले नाहीत.

आता डॉक्टरांचं. वेक काउंटीतली बहुतेक मोठी रुग्णालयं ड्यूक, यूएनसी आणि वेकमेड या तीन संस्थांपैकी कुणाची तरी आहेत. प्रत्येक प्लॅनमध्ये तिन्ही असतातच असं नाही. एचएमओ आणि ईपीओ प्रकारच्या प्लॅनमध्ये आणीबाणी सोडली तर नेटवर्कबाहेरच्या डॉक्टरचं बिल पूर्ण आपल्यावर येतं. आमच्या खिडकीशी हा प्रकार मी नेहमी बघते. पेशंटच्या हातातल्या कार्डावर कंपनीचं नाव ओळखीचं असतं, पण त्याच कंपनीचं हे नेटवर्क आमचं नसतं. बाई कळवळून म्हणते, 'अहो, ही कंपनी तुम्ही घेता असं फोनवर सांगितलं होतं.' सांगणारा खोटं बोललेला नसतो. तिने कंपनीचं नाव विचारलेलं असतं, त्याने कंपनीचं उत्तर दिलेलं असतं. म्हणून दवाखान्यात फोन कराल तेव्हा प्लॅनचं पूर्ण नाव, वर्षासकट, वाचून दाखवा आणि पुढच्या जानेवारीतही तुम्ही तो घेणार आहात का, असं विचारा. औषधांचंही तसंच. मेटफॉर्मिन कुठेही स्वस्त मिळेल, पण नव्या महागड्या औषधांची यादी प्लॅनगणिक बदलते. डबीवरचं नाव आणि मात्रा बघून ती यादी तपासा.

एवढं झाल्यावर हप्त्याकडे वळा, आणि तिथे उत्पन्नाचा प्रश्न येतो. सरकारी सबसिडी पुढच्या वर्षीच्या अंदाजी उत्पन्नावर मिळते. २०२१ पासून वाढवलेली सबसिडी २०२५ अखेर संपली आणि जुनी मर्यादा परत आली: दारिद्र्यरेषेच्या चौपट. २०२६ साठी चार माणसांच्या कुटुंबाला ती १,२८,६०० डॉलर आहे, दोघांना ८४,६००. साठीच्या जोडप्याचं उत्पन्न ८४,६०० असेल तर दुसऱ्या क्रमांकाच्या स्वस्त सिल्व्हर प्लॅनसाठी त्यांना उत्पन्नाच्या ९.९६ टक्के, म्हणजे महिना सुमारे ७०० डॉलर भरावे लागतात. उत्पन्न त्याच्या थोडंसं वर गेलं की सबसिडी शून्य. आणखी एक बदल फार कमी लोकांना माहीत आहे. उत्पन्न अंदाजापेक्षा जास्त निघालं तर जादा मिळालेली सबसिडी कर भरताना परत करायची असते, आणि मध्यम व कमी उत्पन्नवाल्यांसाठी त्या परतफेडीला आजवर मर्यादा होती. २०२६ च्या उत्पन्नापासून ती मर्यादा गेली, पूर्ण रक्कम परत द्यावी लागेल. कंत्राटावर काम करणाऱ्यांनी वर्षाच्या मध्यात नवं काम मिळालं की त्याच आठवड्यात संकेतस्थळावर उत्पन्न दुरुस्त करावं. सबसिडीच्या चौपटीच्या मर्यादेजवळ असाल तर निवृत्ती खात्यात किंवा एचएसए म्हणजे आरोग्य बचत खात्यात भरलेली रक्कम हिशेबातलं उत्पन्न कमी करते. हे करसल्लागाराशी डिसेंबरच्या आधी बोला.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती आई-वडिलांची. मुलगा नागरिक झाला, ग्रीन कार्ड आलं, सत्तरीतलं जोडपं साताऱ्याचं घर बंद करून इकडे आलं. मेडिकेअर ही वृद्धांची सरकारी योजना त्यांना पाच वर्षं सलग राहिल्याशिवाय विकतही घेता येत नाही. मेडिकेड या कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी योजनेलाही पाच वर्षांची अट आहे. मार्केटप्लेस मात्र त्यांना पहिल्या दिवसापासून खुलं आहे, हे कितीतरी घरांना माहीतच नसतं आणि ती घरं वर्षानुवर्षं प्रवासी विम्यावर काढतात. त्या विम्यात जुन्या आजारांना बहुधा जागा नसते.

सबसिडीशिवाय या वयात एका माणसाचा हप्ता महिना हजार डॉलरच्या पुढे सहज जातो. पण ग्रीन कार्डधारकाला जगभरातलं उत्पन्न अमेरिकेत दाखवावं लागतं, त्यात भारतातली पेन्शन, ठेवींचं व्याज आणि घरभाडं येतं. समजा निवृत्त शिक्षक दांपत्याचं हे सगळं मिळून वर्षाला २६,००० डॉलर होतं आणि ते आपला कर स्वतः भरतात. मग तो दुसऱ्या क्रमांकाचा सिल्व्हर प्लॅन दोघांना मिळून महिना सुमारे ४५ डॉलरला मिळतो. शिवाय दारिद्र्यरेषेच्या दीडपटीपर्यंत उत्पन्न असणाऱ्यांना सिल्व्हरमध्ये खास सवलत आहे: ७० ऐवजी ९४ टक्के भार प्लॅन उचलतो. ही सवलत फक्त सिल्व्हरलाच आहे, म्हणून अशा घरांनी शून्य हप्त्याच्या ब्राँझला भुलू नये. मुलाने त्यांना आपल्या करपत्रावर अवलंबित दाखवलं तर हिशेब उलटतो, कारण मग मुलाचं पूर्ण उत्पन्न धरलं जातं. आणि २०२६ पासून दारिद्र्यरेषेखालच्या, म्हणजे दोघांचं मिळून २१,१५० डॉलरपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या नव्या स्थलांतरितांची सबसिडी बंद झाली आहे. ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे त्यांनाच बाहेर ठेवणारा हा नियम मला अन्यायाचा वाटतो. पण आहे तो असा आहे, आणि उत्पन्न फुगवून सांगणं हा त्यावरचा मार्ग नव्हे. जे खरं आहे त्याचे कागद ठेवा: पेन्शनचे आदेश, बँकेची व्याजपत्रं, भाडेकरार.

एच-वन आणि एच-फोर व्हिसावर असलेल्यांनीही ऐकून ठेवावं. १ जानेवारी २०२७ पासून त्यांना सबसिडी मिळणार नाही. पूर्ण हप्ता भरून प्लॅन घेता येईल.

नोंदणी १ नोव्हेंबरला सुरू होते आणि १ जानेवारीपासून विमा हवा असेल तर १५ डिसेंबरपर्यंत प्लॅन निवडावा लागतो. आजवर त्यानंतरही महिनाभर सवड असे, पण २०२७ च्या प्लॅनपासून आमच्यासारख्या, हेल्थकेअर डॉट गव्ह वापरणाऱ्या राज्यांत १५ डिसेंबरलाच खिडकी बंद करायचा नियम झाला आहे. नोकरी गेली, लग्न झालं किंवा परदेशातून राहायला आलात तर एरवीही ६० दिवसांची मुदत मिळते. खातं न उघडता प्लॅन बघता येतात आणि प्रशिक्षित नॅव्हिगेटर मदतीचे पैसे घेत नाहीत. फोनवर 'आजच घ्या' म्हणून घाई करणाऱ्याला नाव-पत्ता देऊ नका.

आई-वडिलांना कायमचं आणणार असाल तर ही साठ दिवसांची मुदत ते इथे उतरल्या दिवसापासून मोजली जाते आणि विमा प्लॅन निवडल्यानंतरच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतो. तोवरच्या दिवसांसाठी प्रवासी विमा घ्या, आणि त्यांच्या औषधांची यादी व पेन्शनचे कागद हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा.