‘ठाकूर’ शब्दाचा अर्थ व जमिनीचा हक्क

मध्य रेल्वेच्या मार्गावर डोंबिवली व कल्याण यांच्या दरम्यान ठाकुर्ली हे स्थानक लागते. या नावाचे ‘ठाकूर’ या शब्दाशी असलेले साम्य सहज ध्यानात येते. केवळ साम्यावरून गावाच्या नावाची उत्पत्ती ठरविणे योग्य नव्हे. तथापि, ‘ठाकूर’ हा शब्द जमिनीच्या मालकीशी निगडित असल्यामुळे त्याचा अर्थ जाणून घेणे उपयुक्त आहे.

शब्दाचा उगम

उत्तरकालीन संस्कृतातील ‘ठक्कुर’ या शब्दापासून ‘ठाकूर’ हा शब्द आला. देवमूर्ती, पूज्य पुरुष आणि धनी असे त्याचे अर्थ होत. गुजरातेतील ठाकोर व ठक्कर ही त्याचीच रूपे असून, बंगालमधील ‘ठाकुर’ इंग्रजी अमदानीत ‘टागोर’ झाले. राजस्थानात जहागीर सांभाळणाऱ्या सरदारास ठाकूर व त्याच्या जहागिरीस ठिकाणा म्हणत. तेथील जहागिरी परत घेण्याचा कायदा 1952 साली झाला.

महाराष्ट्रातील शब्द

आपल्याकडे जमिनीवरील हक्क दाखविणारे शब्द निराळे होते. कोकणात खोत, देशावर मिरासदार, आणि सर्वत्र वतनदार व इनामदार. ‘मिरास’ म्हणजे वारसा. वंशपरंपरेने जमीन धारण करणारा तो मिरासदार.

ठाणे व रायगड जिल्ह्यांच्या डोंगराळ भागात मात्र ‘क ठाकूर’ व ‘म ठाकूर’ या आदिवासी जमाती आहेत. डोंगरउतारावर नाचणी व वरई पिकविणाऱ्या या लोकांच्या नावाचा अर्थ ‘धनी’. परंतु नावाने जमीन मिळत नाही. ठाकूर हे आडनाव इतर अनेक समाजांतही आढळते. म्हणून जमातीचा पुरावा आडनाव नसून रीतसर प्रमाणपत्र हाच होय.

कायद्याचे संरक्षण

कसणाऱ्यास मालक करण्यासाठी 1948 च्या कूळकायद्यात पुढे दुरुस्ती होऊन 1 एप्रिल 1957 हा ‘कृषक दिन’ ठरला. तरीही आदिवासींच्या जमिनी इतरांच्या हाती जातच राहिल्या. यास्तव, 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात अशा रीतीने गेलेल्या जमिनी मूळ मालकांस परत देण्याचा कायदा करण्यात आला. जमीन महसूल संहिता, 1966 मधील कलम 36 अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर आदिवासीस देता येत नाही. विक्रीस शासनाची पूर्वमान्यताही लागते.

शहरालगत जमिनीचे मोल वाढते, तसतशी घाईचे व्यवहार करण्याची गळही वाढते. अशा वेळी शेतकऱ्याने पुढील गोष्टी कराव्यात :

1. सात-बारा उतारा व फेरफार स्वतः पाहावेत. वाचता येत नसल्यास जाणत्याकडून वाचून घ्यावेत.
2. भोगवटादार व इतर हक्क या रकान्यांतील प्रत्येक नोंद समजून घ्यावी.
3. वारसांची नोंद वेळेवर करून घ्यावी.
4. कोऱ्या कागदावर सही वा अंगठा देऊ नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही माहिती पाड्यापाड्यांवर पोहोचवावी. पूर्वी धनी कोण, हे पदवीवरून ठरे. आज ते नोंदीवरून ठरते. म्हणून नोंद जपणे हे जमीन जपण्याइतकेच महत्त्वाचे आहे.